मंद चालतां गाडी कां तापते?

आषाढांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते, तेव्हां दिंड्यांमागें रांगणारी एखादी तरी मोटार वाफ सोडीत कडेला उभी दिसते. हळू चालूनही ती तापली कशी, असें आम्हांस विचारतात. हळू चालणें हेंच कारण होय! वेगांत रेडिएटरमधून वारा आपोआप वाहतो. गति मंदावली कीं सारा भार पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर थंड राहून गर्दींतच गाडी तापत असेल, तर अन्वयव्यतिरेकानें संशय प्रथम पंख्यावरच येतो. काटा चढूनही तो फिरत नसेल तर फ्यूज, रिले, तापमानाचा सेन्सर व पंख्याची मोटर तपासवावी. बहुतेक गाड्यांत एसी लावतांच पंखा फिरतो. तसा फिरल्यास मोटर शाबूत समजावी. वेगांतही गाडी तापते काय? मग पाणी कमी, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंप निकामी, हा रोग निराळा.

तापल्या रेडिएटरचें झांकण उघडण्याचा उतावीळपणा मात्र कोणीं करूं नये. आंतील पाणी दाबामुळें शंभर अंशांपलीकडेही न उकळतां राहतें. दाब सुटतांच उसळून तोंड भाजतें. इंजिन बंद करून अर्धा तास थांबावें. तोंवर दिंड्या पाहाव्या.