झाकायचं ते उघडं, उघडायचं ते बंद

२०१७ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, म्हणजे १६ ऑक्टोबरला, गाझियाबादजवळच्या डासना तुरुंगातून राजेश आणि नूपुर तलवार बाहेर आले. चौदाव्या वाढदिवसाला आठवडा उरलेली मुलगी आरुषी आणि घरात काम करणारा हेमराज, या दोघांचा खून केल्याबद्दल त्यांना नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप झाली होती. चार दिवसांपूर्वी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं होतं. त्या आठवड्यात फराळाच्या ताटांभोवती हाच विषय होता. निकालपत्र २७३ पानांचं. ते वाचलेलं कुणी मला त्या दिवाळीत भेटलं नाही. मत मात्र प्रत्येकाकडे होतं, आणि तेही साडेनऊ वर्षांपूर्वी बनलेलं, न बदललेलं.

यंदाच्या अंकातला मोठा विभाग घरात घडलेल्या खुनांच्या खटल्यांवर आणि त्यांच्या कागदपत्रांवर आहे. काही स्नेह्यांनी विचारलं, सणासुदीला हे कशाला? रहस्यकथेचं मराठी दिवाळी अंकाला वावडं कधीच नव्हतं. पण कथेतल्या मेलेल्या माणसाला अब्रू नसते, मागे राहिलेलं कुटुंब नसतं. खऱ्या खुनाबद्दल आपण त्याच चवीनं बोलू लागलो, की ज्यांना उत्तर देता येत नाही अशा माणसांचं काहीतरी आपण कायमचं हिरावून घेतो. म्हणून हा विषय सणाच्या अंकात घेतला. घरं भरलेली असतात, माणसं एकत्र बसून बोलतात, तेव्हाच हे वाचलं जावं असं वाटलं.

नोएडातल्या जलवायू विहारमध्ये काय झालं होतं ते आठवून पाहावं. १६ मे २००८ च्या सकाळी आरुषी मृतावस्थेत सापडली. हेमराज घरात नव्हता, म्हणून तोच खुनी ठरला. त्याच्यावर वीस हजारांचं बक्षीस लागलं, त्याचा फोटो वाहिन्यांवर फिरला. गच्चीचं दार कुलूपबंद होतं आणि ते त्या दिवशी कुणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर हेमराजचा मृतदेह तिथंच होता. म्हणजे देशभर ज्याला पळून गेलेला खुनी म्हटलं जात होतं, तो माणूस त्याच घराच्या छतावर मरून पडला होता. त्याचं घर नेपाळमध्ये होतं. तिथल्या त्याच्या माणसांपर्यंत त्या दिवशी आधी कोणती बातमी पोचली असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आठवडाभरानं, २३ मे रोजी, मेरठ विभागाच्या पोलीस महानिरीक्षकांनी पत्रकार परिषद घेतली. वडिलांना अटक झाल्याचं सांगितलं आणि जोडीला कारणही: मुलगी आणि नोकर यांना त्यांनी नको त्या अवस्थेत पाहिलं, म्हणे. एका शाळकरी मुलीच्या चारित्र्याबद्दल हे कॅमेऱ्यांसमोर बोललं जात होतं आणि बोलणारे अधिकारी तिचा उल्लेख ‘श्रुती’ असा करत होते. तिचं नावही त्यांना धड ठाऊक नव्हतं. तत्कालीन केंद्रीय महिला व बालविकासमंत्री रेणुका चौधरी यांनी जाहीर हरकत घेतली, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे म्हणजे सीबीआयकडे गेला, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांना आवरायला सांगितलं. पण गोष्ट सुटली ती सुटलीच. दरम्यान नोकरचाकर वर्गातल्या तीन तरुणांना अटक झाली, त्यांच्या नार्को चाचण्या झाल्या, आणि औषधाच्या अमलाखाली पुटपुटणाऱ्या त्या माणसांची चित्रफीत वाहिन्यांवर दिसली. ते तिघं पुराव्याअभावी सुटले. संमतीविना अशी चाचणी करणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सांगितलं. तोवर ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली होती.

हे सगळं उघडं होतं. आता बंद काय होतं ते पाहा.

सीबीआयने त्या तिघांपैकी एकाच्या खोलीतून एक उशीचा अभ्रा जप्त केला होता. हैदराबादच्या डीएनए प्रयोगशाळेचा अहवाल नोव्हेंबर २००८ चा आहे. त्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए असल्याची नोंद त्या अहवालात होती. ती नोंद दोन वर्षांहून अधिक काळ फायलीत पडून राहिली. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, त्यात आई-वडिलांवर संशय घेतला पण पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. दंडाधिकाऱ्यांनी त्याच अहवालावरून फेब्रुवारी २०११ मध्ये खटला उभा केला, आणि त्यानंतर बचाव पक्षाच्या नजरेला ती नोंद पडली. तपासयंत्रणेचा खुलासा असा, की ती टंकलेखनाची चूक आहे, दोन वस्तूंचे क्रमांक उलटसुलट झाले आहेत. प्रयोगशाळेकडूनही तसं पत्र आलं. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या खुलाशाची सविस्तर छाननी आहे. इथं मला सावधपणे लिहायला हवं, कारण त्या नोंदीवरून तो तरुण खुनी ठरत नाही, आणि त्याच्याकडे बोट दाखवणं म्हणजे पुन्हा तेच पाप. मुद्दा कागदाचा आहे. जिच्यावरून सगळा तपास पुन्हा तपासायला हवा होता, अशी एक ओळ दोन वर्षं कुणाला दिसली नाही. त्याच दोन वर्षांत मुलीच्या खासगी आयुष्याबद्दलच्या अफवा मात्र सगळ्यांना दिसत होत्या.

दुसरी गोष्टही उशीचीच आहे. हेमराजचं रक्त लागलेली उशी आरुषीच्या खोलीत मिळाली, असं सीबीआयतर्फे थेट सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं गेलं होतं. हेमराज तिच्या खोलीत मारला गेला, या गोष्टीचा सगळा भार त्यावर होता. पुढे साक्षीपुराव्याच्या वेळी न्यायालयात मुद्देमालाचं सीलबंद गाठोडं फोडलं गेलं. आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, की ती उशी हेमराजच्याच खोलीतून जप्त केलेली आहे. आरुषीच्या खोलीत हेमराजचं रक्त सापडल्याचा पुरावाच नाही, हे उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. ज्या ‘नको त्या अवस्थे’वर नऊ वर्षं चर्चा झाली, तिच्या खाली जमीनच नव्हती. ते गाठोडं पहिल्या महिन्यात फोडलं असतं तर?

ही काही फक्त आपल्याकडची गत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावात २६ डिसेंबर १९९६ रोजी जॉनबेने रॅमसे ही सहा वर्षांची मुलगी स्वतःच्या घराच्या तळघरात मृतावस्थेत सापडली. संशय आई-वडिलांवर गेला, ती लहानग्यांच्या सौंदर्यस्पर्धांत भाग घेत असे म्हणून तिचे सजलेले फोटो वर्षानुवर्षं छापले गेले. तिथं ग्रँड ज्युरी म्हणून नागरिकांचं मंडळ असतं, बंद दाराआड पुरावा पाहून खटला भरावा की नाही हे ते ठरवतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केलं, की खटला भरण्याइतका पुरावा नाही. मंडळाने काय ठरवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कागद मोहोरबंद राहिले. जुलै २००८ मध्ये, राजेश तलवार जामिनावर सुटले त्याच आठवड्यात, बोल्डरच्या नव्या सरकारी वकिलांनी डीएनए चाचण्यांच्या आधारे रॅमसे कुटुंबाला पत्र लिहून संशयमुक्त केलं. आई त्याआधी दोन वर्षं वारली होती. मग २०१३ च्या जानेवारीत स्थानिक वृत्तपत्राने बातमी दिली, की मंडळाने आई-वडिलांवर आरोप ठेवण्याच्या बाजूने मत दिलं होतं. एका वार्ताहराने कोर्टात जाऊन मागणी केली, आणि त्या ऑक्टोबरमध्ये अठरापैकी चार पानं खुली झाली. आरोप होते ते मुलीला जीवघेण्या धोक्यात राहू दिल्याचे आणि गुन्हेगाराला मदत केल्याचे. खून कुणी केला, त्याचं नाव त्यात नव्हतं. लोकांनी मात्र ती चार पानं शिक्षेचा निकाल असल्यासारखी वाचली. उरलेली चौदा पानं आणि मंडळापुढचा पुरावा तिथंच राहिला. अर्धं उघडणं हे पुरतं झाकण्याइतकंच घातक असतं, हे त्या प्रकरणात दिसलं.

आपल्याच मातीतला दाखला द्यायचा तर खैरलांजीचा द्यावा लागतो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातले चौघे, सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर, मारले गेले. सुरुवातीच्या बातम्यांत हे हत्याकांड ‘अनैतिक संबंधां’तून घडल्याचं सुचवलं गेलं. जमिनीचा वाद, जातीचा द्वेष, पोलिसांत दिलेली साक्ष, हे सगळं मागे पडलं आणि एका कष्टकरी बाईचं चारित्र्य पुढे आलं. नोएडाच्या दीड वर्ष आधीचं हे. बाई किंवा मुलगी मेली की पहिला पंचनामा तिच्या चारित्र्याचा होतो, आणि त्यावर ना कुणाची सही असते, ना उलटतपासणी. खटल्यात ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. सुरेखाचे पती भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत.

खटल्यातलं काय लोकांपर्यंत जावं हा वाद मुंबईला नवा नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या १९५९ च्या खून खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली, ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला. त्यानंतर काही वर्षांतच, त्याच ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापायला मनाई केली. त्याविरुद्ध मिरजकर नावाचे वार्ताहर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की न्यायदान उघड्यावर व्हावं हा नियम खरा, पण न्यायासाठीच गरज पडली तर न्यायाधीश प्रसिद्धी रोखू शकतात. न्या. हिदायतुल्ला यांनी एकट्यांनी भिन्न मत नोंदवलं. मला आजही त्यांचं मत अधिक पटतं.

अलीकडे दोन उलट वारे एकाच वेळी वाहताहेत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्यांवर कडक बोट ठेवलं: मृताच्या चारित्र्याची चिरफाड करू नका, आरोपीचा कबुलीजबाब पुरावा म्हणून दाखवू नका, तपासातली गुप्त माहिती फोडू नका. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या सीलबंद लिफाफ्यांच्या प्रथेवर ताशेरे ओढले, कारण ज्याच्याविरुद्ध कागद वापरायचा त्यालाच तो दाखवायचा नाही, हे न्यायाला धरून नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत त्याच न्यायालयाने असंही ठरवलं होतं, की दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे आणि ते संकेतस्थळावर टाकता येणार नाही. बळी आणि साक्षीदार यांची काळजी त्यामागे आहे, ती मला मान्य आहे. मात्र दोषारोपपत्र बंद आणि ‘सूत्रांच्या हवाल्याने’ त्यातले निवडक तुकडे रोज रात्री नऊ वाजता खुले, अशी स्थिती असताना या निर्णयाने काळजी कुणाची घेतली जाते? तुकडे फोडणाऱ्याचीच.

माझं मत सरळ आहे. मृत मुलीचं ईमेल, तिची मैत्री, संशयिताची गुंगीतली बडबड, तपास अधिकाऱ्याचा अंदाज, हे खटला संपेपर्यंत आणि नंतरही बंद राहावं. पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल, साक्षीची जबानी, निकाल, हे न्यायालयात दाखल झाल्यावर नावं झाकून खुलं व्हावं, कारण त्यांच्यावरून सरकार एखाद्याला आयुष्यभर कोंडतं किंवा फासावर देतं. त्यात कुणाची खासगी बाब नाही, त्यात सत्तेचं काम आहे. आणि हे मराठीत मिळावं. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरं आता मिळू लागली आहेत, पण तालुक्याच्या कोर्टात आरोपीला त्याच्याच खटल्यातली इंग्रजी कागदपत्रं वकिलाकडून समजून घ्यावी लागतात.

या विभागातल्या लेखकांना आम्ही काही अटी घातल्या. विधान कागदावरचं असावं आणि तो कागद लेखकाने स्वतः वाचलेला असावा. निर्दोष सुटलेल्याला आडून दोषी म्हणायचं नाही. मृतांचे फोटो नाहीत. घराच्या नकाशावर बाण काढून खून ‘उभा’ करायचा नाही. एका लेखकाने या अटींवर लिहायला नकार दिला, कारण मग लिहिण्यासारखं उरतं काय, असं त्यांना वाटलं. बरंच उरलं, ते पुढच्या पानांत आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही ठरवून केली. देशाने ज्याला ‘आरुषी प्रकरण’ म्हटलं, त्याला या अंकात सगळीकडे ‘आरुषी-हेमराज खटला’ म्हटलं आहे. त्या लेखाची सुरुवात तलवारांच्या सुटकेनं होत नाही. ती हेमराजची पत्नी खुमकला यांच्यापासून होते. डिसेंबर २०१७ मध्ये खुमकला तलवारांच्या सुटकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं आहे: दोन खून झाले हे न्यायालयालाही मान्य आहे, मग माझ्या नवऱ्याला कुणी मारलं ते तपासयंत्रणेनं शोधायला नको का? सीबीआयने मार्च २०१८ मध्ये अपील केलं, त्याच्याही आधी ही बाई तिथं पोचली होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती अपिलं सुनावणीसाठी दाखल करून घेतली. त्या वेळी ती बातमी आतल्या पानांवर आली होती.