‘उन्हाळी’ या शब्दाआड

लघवीच्या वेळी जळजळ होऊ लागली की मराठी घरांत ‘उन्हाळी लागली’ असे म्हटले जाते आणि दुखण्याचा सारा दोष ऋतूवर जातो. पाणी कमी पडल्याने लघवी गडद होऊन जळजळते, हे खरेच. परंतु पाणी पिऊनही जळजळ शमत नसेल, पुन्हा पुन्हा घाई होऊन थेंब-दोन थेंबच येत असतील, ओटीपोट जड होऊन ठणकत असेल, लघवी गढूळ, उग्र वासाची वा लालसर दिसत असेल, तर तो मूत्राशयदाह, म्हणजे मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला आलेली सूज, असण्याची शक्यता अधिक असते.

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांबीचा असून तो गुदद्वारानजीक उघडतो, त्यामुळे आतड्यातील ई. कोलाय हे जिवाणू सहज वर चढतात. वेळच्या वेळी होणारी लघवी त्यांना धुऊन काढते, तुंबलेली लघवी त्यांना वाढू देते. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, मात्र त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि लांबून हंडा वाहून आणणारी बाई स्वतः मोजूनमापून पिते. शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत किंवा वीटभट्टीवर राबणारी स्त्री आडोशाअभावी अंधार पडेपर्यंत लघवी रोखते, आणि रोखावी लागू नये म्हणून पाणीच टाळते. अशा स्त्रीला अस्वच्छ ठरवणे हा उघड अन्याय आहे, कारण ज्या सोयींअभावी तिचे दुखणे बळावते, त्या पुरवणे तिच्या हाती नसते.

दुखण्याला थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूस कळ किंवा उलट्या यांची जोड मिळाली, तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची शंका घेऊन त्याच दिवशी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, कारण अपुऱ्या औषधाने जिवाणू दबतात, मरत नाहीत.

गर्भवतीच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहणेही धोक्याचे ठरते. तिच्या लघवीत जिवाणू असूनही जळजळ होत नाही असे घडते, आणि उपचार न झाल्यास मूत्रपिंडाला सूज येण्याचा व बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा संभव वाढतो; म्हणून काहीही दुखत नसताना, सुरुवातीच्या महिन्यांतच, मधल्या धारेच्या लघवीचा नमुना तपासून घ्यावा लागतो.