कर्जाचा आकडा आणि रुपयाचे मोल

सदुसष्ट वर्षांत देशावर 55 लाख कोटींचे कर्ज झाले आणि पुढील नऊच वर्षांत ते 155 लाख कोटींवर गेले, असा आरोप काँग्रेसने जून 2023 मध्ये केला. आकडा दचकवणारा आहे. परंतु त्यात 2014 चा रुपया आणि 2023 चा रुपया एकाच मोलाचे धरले आहेत. वरणगावच्या आयुध निर्माणीतील कोणताही निवृत्त कामगार ही गफलत ओळखेल. महागाई भत्ता कशासाठी मिळतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही! त्या नऊ वर्षांत भाव दीडपटीहून अधिक वाढले. म्हणजे ते 55 लाख कोटी 2023 च्या भावात 85 लाखांच्या आसपास भरतात.

उरलेली वाढ मात्र खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत केंद्राचे कर्ज 2014 मध्ये सुमारे 52 टक्के होते, कोरोनाच्या वर्षात ते 61 टक्क्यांपर्यंत चढले आणि 2024-25 मध्ये 57 टक्क्यांवर उतरले. उत्पन्न वाढले म्हणून भार तितका जाणवत नाही, इतकेच.

कार्यकर्त्यांनी हीच फूटपट्टी आपल्या खानदेशातही लावून पाहावी. वरणगावनजीकच्या हतनूर धरणातून पावसाळ्यात सुटणारे तापीचे पाणी पुढे अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे अडवायचे, असा निम्न तापी प्रकल्प आहे. 1997 च्या सुमारास त्याची किंमत 142 कोटी होती. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुधारित मान्यता दिली ती 4,890 कोटींना. या काळात भाव साधारण पाचपट झाले. त्या हिशेबाने खर्च सातशे-सव्वासातशे कोटी व्हायला हवा होता. तो चौतीस पट झाला! भूसंपादनाचे दर वाढले, कामाचे स्वरूप बदलले, हे मान्य. तरीही पाव शतकाच्या दिरंगाईचे खापर महागाईच्या माथी फोडता येणार नाही. या काळात आपल्या विचारांची सरकारेही मुंबईत बसून गेली आहेत, हे विसरून चालणार नाही.

राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज 9 लाख 32 हजार कोटींचा आहे. राज्य उत्पन्नाच्या 19 टक्क्यांहूनही कमी. प्रमाण चिंताजनक नाही. पण कर्जाऊ रकमेतील किती पैसा शेतात पाणी होऊन पोहोचला आणि किती विलंबात जिरला, हे टक्केवारी सांगत नाही. प्रत्येक अपूर्ण प्रकल्पाची मूळ किंमत आजच्या भावात मांडून वाढीव खर्चाशेजारी छापावी, ही मागणी खानदेशच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात केली पाहिजे.