आपला प्रश्न घेऊनच अमेरिकेत जावे

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची नवी नियमावली काढली. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी उच्च शिक्षण घेता यावे यासाठी ही योजना आहे. वर्षाला जागा १२५. त्या नियमावलीत एक कलम नव्याने आले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेशी विद्यापीठाची गरज नाही, असे कारण देण्यात आले.

हे मत एकट्या मंत्रालयाचे नाही. इतिहास, साहित्य, धर्म किंवा भाषाशास्त्र शिकलेला मराठी विद्यार्थी अमेरिकेत पीएच.डी.चा अर्ज करायचा म्हणतो, तेव्हा घरचे, शेजारचे आणि कित्येकदा शिकवणारेही त्याला हेच विचारतात. भारताचाच अभ्यास करायचा तर तिकडे कशाला? मग तो आपला विषय बदलतो, किंवा त्यावर परक्या सिद्धान्तांचा मुलामा चढवतो, किंवा अर्जच करत नाही. या तिन्ही गोष्टी थांबायला हव्यात.

आधी या आक्षेपातले खरे ते मान्य करू. साधने इथे आहेत, यात शंका नाही. पेशवे दप्तरातले मोडी कागद पुण्यात आहेत. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे, १८९८ पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मुंबईत आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांत जात आली, त्यांत मराठीही आहेत. पण जुन्या कागदांसाठी शेवटी पुण्या-मुंबईलाच यावे लागते. तेव्हा अमेरिकेत साधनांसाठी जायचे असते, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

पण संशोधन म्हणजे साधनांशेजारी बसणे नव्हे. साधनांना कोणता प्रश्न विचारायचा, हे ज्या वातावरणात ठरते ते वातावरणही लागते. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता आणि डॉक्टरेटचे काम ब्रिटिश भारताच्या वित्तव्यवस्थेवर. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जातीचा प्रश्न मानववंशशास्त्राच्या वर्गात मांडता आला, कारण तिथली रचनाच तशी होती.

त्या निबंधात त्यांनी सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले या युरोपीय अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या, आणि चौथी व्याख्या तपासली ती श्रीधर व्यंकटेश केतकरांची. केतकर १९०६ साली अमेरिकेत गेले आणि कॉर्नेलमध्ये शिकत असताना, १९०९ साली, त्यांचा भारतातील जातींच्या इतिहासावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे याच केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. जातीचा विचार जातिव्यवस्थेच्या संदर्भात केल्याबद्दल आंबेडकरांनी केतकरांना मान दिला. पण केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे मानली ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून दिले. मराठी समाजातून आलेले दोन तरुण, दोन अमेरिकन विद्यापीठे, एकच भारतीय प्रश्न आणि त्यावर खराखुरा वाद. भारतविषयक सामाजिक अभ्यासाला परदेशाची गरज नाही, हा नियम त्या काळी लागू असता तर जातीवरची ही दोन्ही कामे त्या नियमात बसली नसती.

दुसऱ्या बाजूने पाहा. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळ यांवरचा प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला. गेल ऑम्व्हेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरची डॉक्टरेट १९७३ साली बर्कलेत मिळवली. त्यांची पुस्तके आपण आदराने वाचतो, आणि वाचलीच पाहिजेत. मग अमेरिकन विद्यार्थिनीने हा विषय अमेरिकेत अभ्यासावा आणि त्या चळवळीतून आलेल्या घरच्या मुलीने मात्र तो तिकडे नेऊ नये, हे कोणत्या न्यायाने? येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. तमाशा कलावंत स्त्रियांवर, जात आणि लैंगिकतेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ २०२२ साली आला आणि २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपला विषय आपल्याच माणसाने जगासमोर मांडला तर काय होते, याचे हे ताजे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अर्जाच्या पद्धतीचा आहे आणि तो हितचिंतकांकडूनच येतो. आधी पक्का संशोधन प्रस्ताव तयार करा, मगच अर्ज करा, असे ते सांगतात. आपल्याकडच्या सिनॉप्सिसचा साचा सर्वांना पाठ असतो : शीर्षक, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, प्रकरणयोजना, संदर्भसूची. ब्रिटनमध्ये अर्जासोबतच प्रस्ताव मागतात, म्हणून तिथे तो आधी लागतो. अमेरिकेतला क्रम वेगळा आहे. तिथे बहुतेक मानव्य विभाग अर्जात एसओपी, म्हणजे दोनेक पानांचे उद्देशपत्र, सुमारे पंधरा ते पंचवीस पानांचा स्वतःचा शोधनिबंध आणि तीन शिफारसपत्रे मागतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता पुष्कळ विभागांनी सोडून दिली आहे. पहिली दोन-तीन वर्षे वर्ग आणि पात्रता परीक्षा यांत जातात. रीतसर प्रस्ताव, ज्याला तिथे प्रॉस्पेक्टस म्हणतात, तो त्यानंतर लिहायचा असतो. प्रवेशाआधीच सहा प्रकरणांची नावे ठरवून बसलेल्या विद्यार्थ्याला निवड समिती एकच गोष्ट विचारील : सगळे ठरलेच आहे, तर तुम्ही इथे शिकणार काय?

याचा अर्थ तयारी नको, असा नाही. तयारी प्रश्नाची हवी. ‘सत्यशोधक पत्रकारिता : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे सत्यशोधक पत्र सुरू केले आणि १८८० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत नेले. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. ज्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्या कामगारांपर्यंत हे छापील पत्र कसे पोहोचत होते? वाचणारा कोण, ऐकणारे कोण, आणि ऐकताना त्या शब्दांचा अर्थ बदलत होता का? हा प्रश्न झाला. तो वाचताच त्यासाठी कोणते कागद धुंडाळावे लागतील, कोणत्या अभ्यासकांशी बोलावे लागेल आणि मुद्रणाच्या इतिहासाला त्यातून नवे काय मिळेल, हे दिसू लागते. परक्या विचारवंतांची नावे जिथे या प्रश्नाला धार देतील तिथेच घ्यावीत. नाव गाळूनही परिच्छेद उभा राहत असेल, तर ते नाव खुशाल गाळावे.

इथे मराठी विद्यार्थ्याने आपले बळ ओळखावे. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजमार्फत अमेरिकन विद्यार्थी मराठी शिकायला पुण्यात येत आले आहेत. वर्षानुवर्षे कष्ट घेऊन ते जी भाषा मिळवतात, ती तुमच्या घरात बोलली जाते. मोडी वाचता येत असेल, ओवी-अभंग कानावर असतील, वऱ्हाडी किंवा मालवणी बोली कळत असेल, तर ते उद्देशपत्रात ठळकपणे लिहावे. भाषेचे ज्ञान ही मानव्यविद्यांतली पहिली पात्रता आहे. मात्र भाषा येते म्हणून प्रश्न आपोआप सुचत नाही. तो वाचनातून आणि शंकेतून कमवावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे : मानव्यविद्यांचे दिवस संपत आले, जागाच उरलेल्या नाहीत. बोस्टन विद्यापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान यांसह बारा विषयांचे पीएच.डी. प्रवेश पुढच्या वर्षापुरते थांबवले. शिकागो विद्यापीठाने २०२५ मध्ये कला व मानव्य शाखेच्या अनेक विभागांचे पुढचे प्रवेश कमी केले किंवा थांबवले. हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून पूर्ण फंडिंग, म्हणजे शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन, मिळत नसेल तर कर्ज काढून मानव्य डॉक्टरेटला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक विभागात प्रवेश सुरू आहेत का, आपल्या प्रश्नाशी नाते सांगणारा अध्यापक तिथे आहे का, याची खात्री करून घ्यावी. पण जागा कमी झाल्या म्हणून प्रश्न कमी महत्त्वाचा ठरत नाही. उलट दार अरुंद झाले की कोणाला आत घेतात, हे अधिक मोलाचे होते. तिथे पहिल्यांदा गळतो तो पैसा आणि ओळख नसलेला विद्यार्थी. पीएच.डी.ला विद्यापीठ पैसे देते, पण त्याआधीच्या पदव्युत्तर पायरीला बहुधा देत नाही. ती पायरी चढायला शिष्यवृत्ती लागते आणि नेमकी तिथेच भारतविषयक प्रश्नाला बंदी घातली गेली.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. भारताचा अभ्यास परदेशात करू इच्छिणाऱ्याला वगळणारे कलम कोणत्याही सार्वजनिक शिष्यवृत्तीत नसावे. आपल्या महाविद्यालयांतल्या अध्यापकांनी शिफारसपत्र ‘हुशार आणि मेहनती’ या दोन शब्दांत उरकू नये. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, कुठे अडला, कसा पुढे गेला, हे लिहावे. आणि अर्ज करणाऱ्याने आपल्या गावाचा, जातीचा, भाषेचा, देवाचा, पुस्तकांचा प्रश्न लाजेने झाकून ठेवू नये. तो नीट घासून, पुराव्यानिशी आणि निःसंकोचपणे मांडावा. केतकरांनी आणि आंबेडकरांनी तो मांडला तेव्हा महाराष्ट्र लहान झाला नाही, जगाच्या ज्ञानात महाराष्ट्राची भर पडली. ती भर घालण्याचा हक्क त्यांच्या नंतरच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला आहे.