बरोबरची खूण



आधी एक प्रश्न विचारू? अगदी खरं उत्तर द्यायचं हं! बाई वर्गात काहीतरी विचारतात, तुम्हांला उत्तर येत असतं, अगदी ओठांवर असतं, आणि तरीही हात काही वर जात नाही. ‘चुकलं तर? सगळे हसले तर?’ असं होतं की नाही? त्यातून तास इंग्रजीचा असला, तर मग विचारायलाच नको!

हे फक्त मुलांचंच होतं, मोठी माणसं कशाला घाबरतील, असं तुम्हांला वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं. पण २०१७ साली मी असा एक वर्ग पाहिला, की तिथला सगळ्यांत लहान विद्यार्थी ३४ वर्षांचा होता आणि सगळ्यांत मोठे विद्यार्थी होते ७८ वर्षांचे. आणि तिथेही एकाचा हात वर जात नव्हता! नुसता पाहिला नाही बरं का, त्या वर्गाचा मास्तर मीच होतो. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आमच्या कारखान्यानं एका नव्या यंत्राचं काम शिकायला मला तीन महिन्यांसाठी जपानला पाठवलं. गाव ओकायामा. नकाशात ओसाका शोधा आणि तिथून बोट पश्चिमेकडे सरकवा, की सापडेल. पुण्याच्या मुलांना हे नाव ओळखीचं वाटेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलंय ना? त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. ते ज्या बागेवरून बेतलंय, ती ‘कोराकुएन’ नावाची बाग याच गावात आहे. सन १७०० मध्ये पुरी झालेली. शेजारी नदी आणि नदीपलीकडे काळा कुळकुळीत किल्ला. लोक त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात!

तिथे पोहोचून आठवडाही झाला नसेल, तोच बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या मोहल्ल्यात इंग्रजीचा वर्ग चालतो. शिकवणारे सोडून गेले. तुम्ही याल का?”

मी? अहो, मी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलेला. आता तुम्हांला पहिलीपासून इंग्रजी असतं. आमच्या वेळी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवायची! पण नाही म्हणवेना. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ. जागा कोमिनकानची, म्हणजे आपलं समाजमंदिर म्हणा ना. दारात चपला काढून आत जायचं, हेसुद्धा अगदी आपल्यासारखं.

विद्यार्थी अकरा. तोफूच्या दुकानाच्या मालकीणबाई, एक नर्सताई, दोन-तीन गृहिणी, एक कारकून, आणि पहिल्या बाकावर ७८ वर्षांचे आजोबा. सगळी हयात त्यांनी ओकायामाची ट्राम चालवली होती, म्हणून आपण त्यांना ट्रामवाले आजोबा म्हणू. आता त्यांना कोराकुएन बागेत परदेशी पाहुण्यांना फुकट माहिती सांगायची होती. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं खपून इंग्रजीत चार पानं लिहिली होती. तोंडपाठ!

यांना इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच समजू नका. शाळेत सगळे शिकलेले. वाचता येई, लिहिता तर माझ्यापेक्षा सुबक येई. पण मी “व्हॉट डिड यू डू टुडे?” असं विचारलं, की अकराही माना खाली! घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची.

मग मी म्हटलं, बोलत नाहीत तर लिहून घेऊ. प्रत्येकानं १५ वाक्यं लिहून आणली. मी रात्री जागून, लाल पेन घेऊन तपासली. बरोबर वाक्यासमोर आपली नेहमीची बरोबरची खूण केली. जिथे शब्द चुकला, तिथे शब्दाला गोल. आजोबांच्या वहीत ११ बरोबरच्या खुणा आणि फक्त ४ गोल. मी खूश! त्यांना वही देताना हसून मानही डोलावली. त्यांनी वही उघडली, पाहिली, हळूच मिटली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

पुढच्या तासाला आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर नर्सताई घुटमळत उभ्या राहिल्या. काय सांगावं, कसं सांगावं, असं चाललेलं. शेवटी त्यांनी फळ्यावर एक गोल काढला आणि म्हणाल्या, “जपान, गुड.” मग बरोबरची खूण काढली आणि खाली पाहून म्हणाल्या, “जपान, बॅड.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात. आणि आपली जी बरोबरची खूण, ती तिथे चुकलेल्या उत्तरासमोर करतात! म्हणजे आजोबांना काय दिसलं असेल? दोन वर्षं मेहनत केली, आणि १५ पैकी ११ वाक्यं चूक. वर मास्तर हसतोय!

काय सांगू, त्या रात्री जेवण गेलं नाही. मला चौथीतली, छे, सहावीतली एक गोष्ट आठवली. वाचताना मी ‘नाइफ’ला ‘क्नाइफ’ म्हणालो होतो आणि सबंध वर्ग हसला होता. पुढे सगळं वर्षभर मी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसलो होतो. तेच मी एका आजोबांना करून ठेवलं होतं, तेही न कळत.

रविवारी त्या गृहस्थांना बरोबर घेऊन मी आजोबांच्या घरी गेलो. वही मागितली. प्रत्येक खुणेवर मोठा लाल गोल काढला आणि शाळेत असताना मागायचो तशी कान पकडून माफी मागितली. कान का पकडले ते त्यांना कळेना! पण ११ गोल मात्र कळले. त्यांनी ते बोटानं एकेक मोजले. मग आत जाऊन दोन सोललेली पर्सिमॉन फळं घेऊन आले.

मंगळवारी आजोबा पहिल्या बाकावर हजर! आणि मी वर्गात जाहीर केलं, “आजपासून मीही विद्यार्थी. रोज पाच जपानी वाक्यं लिहीन, तुम्ही तपासायची.”

मग आली खरी गंमत. माझं पहिलं वाक्य होतं, ‘मी पुण्याहून आलो’. जपानीत ‘वाताशि वा पुणे कारा किमाशिता.’ त्यातला छोटासा ‘वा’ सोडा आणि शब्द लावून पाहा. वाताशि म्हणजे मी, कारा म्हणजे हून, किमाशिता म्हणजे आलो. मी-पुणे-हून-आलो! आपला ‘हून’ही नावाच्या मागे, त्यांचा ‘कारा’ही मागे. क्रियापद दोघांचंही शेवटी. इंग्रजीत मात्र ‘आय केम फ्रॉम पुणे’, म्हणजे आधी आलो, मग हून, मग पुणे. उलटी गंगाच की! ही माणसं इंग्रजी बोलताना का अडखळतात, हे मला तेव्हा कळलं. आपण जिथे अडखळतो, तिथेच ती अडखळत होती. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ आपल्याकडे नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत. आणि जपानी अक्षरांचा क्रम ऐका: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला, असं जाणकार सांगतात. आणखी एक. पावाला जपानीत ‘पान’ म्हणतात. आपला ‘पाव’ आणि त्यांचा ‘पान’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनीच आणलेले!

चुकांचंही तसंच. जपानीत र आणि ल असे दोन वेगळे उच्चार नाहीत. म्हणून तोफूवाल्या बाई म्हणाल्या, “एव्हरी मॉर्निंग आय ईट लाइस.” राइस म्हणजे भात, आणि लाइस म्हणजे उवा! मला हसू आलं. पण लगेच नर्सताईंनी विचारलं, “सर, वेस्ट आणि व्हेस्ट कसं म्हणायचं? आमच्या सीडीतला माणूस वेगळं वेगळं म्हणतो.” झालं! मी दोन्हीला सारखाच ‘व’ म्हणत होतो. आपल्या मराठीत कुठे आहेत दोन ‘व’? मग एकाला ओठांचा चंबू करायचा आणि दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, असं मी आणि तो सबंध वर्ग मिळून शिकलो.

पण त्यांची तोंडं खरी उघडली ती एका फोनमुळे. मी मोबाईलवर नकाशा दाखवत होतो, तेवढ्यात घरून फोन आला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज आला, “अहो, जेवलात का? अहो, ऐकताय ना?”

वर्गात आधी शांतता. मग तोफूवाल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. आणि मग जो हशा फुटला म्हणता! जपानीत ‘आहो’ म्हणजे ‘मूर्खा’! बायको फोन करून नवऱ्याला ‘मूर्खा, मूर्खा’ म्हणतेय, आणि हा आपला “हो, हो” करतोय! मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे हा मानाचा शब्द आहे. त्यावर ट्रामवाले आजोबा उठले आणि स्वतःहून, कागदाशिवाय, पहिल्यांदाच बोलले, “माय वाइफ ऑल्सो से आहो. बट नॉट रिस्पेक्ट!”

त्यात ‘से’ला ‘सेज’ हवं होतं. मी सांगितलं नाही. सगळे हसत होते, आणि आजोबा सगळ्यांत जास्त. तो क्षण व्याकरणाचा नव्हता. त्या दिवसापासून मी नियमच केला. माणूस बोलत असताना मध्ये तोडायचं नाही. चूक कागदावर टिपायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहायची.

नोव्हेंबर उजाडला. कोराकुएनमधले मेपल लालभडक झाले, आणि आजोबांचा पहिला दिवस आला. आम्ही सगळे लांब एका झाडामागे उभे. परदेशी पाहुण्यांचं एक कुटुंब होतं. आई, वडील आणि तुमच्याएवढी एक मुलगी. आजोबांनी पाठ केलेली पानं सुरू केली. बाग १६८७ साली करायला घेतली, १७०० साली पुरी झाली, सगळं घडाघडा. मग किल्ल्याकडे हात करून, “धिस कासल वॉज रिबिल्ट इन नाइन्टीन सिक्स्टी-सिक्स.”

ती मुलगी म्हणाली, “रिबिल्ट? जुन्याचं काय झालं?”

हे काही चार पानांत नव्हतं! आजोबा थांबले. माझा श्वास अडकला. त्यांनी एकदा आमच्या झाडाकडे पाहिलं, मग किल्ल्याकडे. आणि म्हणाले,

“नाइन्टीन फॉर्टी-फाइव्ह. जून. नाइट. मेनी प्लेन. आय सिक्स इयर्स. मदर होल्ड माय हँड. वी रन, रिव्हर. आय लुक बॅक. कासल फायर. ऑल सिटी फायर.”

एवढंच. १९४५ च्या २९ जूनला भल्या पहाटे ओकायामावर बॉम्ब पडले, शहर जळलं आणि त्यात तो किल्लाही गेला. ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. पण आई हात धरून पळत होती, हे कुठल्या पुस्तकात असणार? ती मुलगी काही बोलली नाही. तिनं आजोबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या वाक्यांत किती चुका होत्या, ते तुम्हीच शोधा. तुम्हांला सापडतील, मला माहीत आहे. मी मात्र त्या मोजल्या नाहीत. आणि खरं सांगू? पाठ केलेल्या चार पानांत एकही चूक नव्हती, पण त्यातलं मला आज एक वाक्यही आठवत नाही.

डिसेंबरात मी परत निघालो. वर्गानं माझी जपानीची वही तपासून परत दिली. पानोपानी ‘बरोबरच्या’ खुणा! म्हणजे काय, ते आता तुम्हांला माहीतच आहे. पण शेवटच्या पानावर आजोबांनी लाल गोल काढला होता आणि त्याभोवती फुलासारख्या पाकळ्या. त्याला ‘हानामारु’ म्हणतात, फुलाचा गोल. तिथे अगदी छान काम करणाऱ्या छोट्या मुलांना तो मिळतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला मिळाला!

तर मित्रांनो, या आठवड्यात दोन गोष्टी करायच्या. एक, उत्तराची पुरती खात्री नसली, तरी एकदा हात वर करायचा. दुसरी त्याहून अवघड आहे. शेजारच्या बाकावरचं कुणी ‘नाइफ’ला ‘क्नाइफ’ म्हणालं, तर हसायचं नाही. ते वाक्य पुरं होऊ द्यायचं. कोण जाणे, पुढे त्याला काय सांगायचं असेल!

काय झालं ते मला पत्रानं जरूर कळवा. पत्रात चुका असल्या तरी चालतील. मी गोलच करीन.