आधी वायर बघा

सुरतेत लिंबायत-उधन्याकडे खानदेशी घरं पुष्कळ. आजीच्या अहिराणी ओव्यांचे, लग्नाचे व्हिडिओ लॅपटॉपवरून घरच्या सर्व्हरवर टाकायचे, तर कॉपी रेंगाळते. कंटाळून बॅकअप राहतो अन् आजीचा आवाज एकाच लॅपटॉपमध्ये अडकतो. पोरं म्हणतात, नवा राऊटर घ्या! माझं म्हणणं, आधी आकडा बघा. वेग सेकंदाला ११ एमबीवरच अडून बसला, तर लिंक बहुधा १०० एमबीपीएसवर उतरलीय. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली तरी काम चालूच राहतं, म्हणून संशयच येत नाही. ५० जीबीला आठ मिनिटांऐवजी सव्वा तास! राऊटरचे पोर्टच १०० चे असले, तर मात्र खुशाल नवा घ्या.