कपाटातील वायुदल

लढाऊ विमानांच्या धातूच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजला आहे. अनेक सुशिक्षित घरांतील काचेच्या कपाटात पुस्तकांच्या शेजारी स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट अशी विमाने दिमाखात उभी असतात. काहींच्या मते ही मोठ्या माणसांची महागडी खेळणी होत, तर काहींना त्यांत युद्धाचे उदात्तीकरण दिसते. हे दोन्ही आक्षेप वरवरचे आहेत. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. या कपाटात इतिहास कोणाचा मांडला जातो आणि त्याची निवड कोण करते?

इंग्लंडमधील मेकॅनो कंपनीने १९३४ च्या सुमारास ‘डिंकी’ नावाने धातूची छोटी विमाने विकावयास प्रारंभ केला, तेव्हा ती मुलांची खेळणीच होती. पुढे महायुद्धाने प्रतिकृतींचे महत्त्व सिद्ध केले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखता यावे, म्हणून अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळांतील विद्यार्थ्यांना ५ लाख लाकडी प्रतिकृती तयार करण्याचे आवाहन केले. त्यांचे प्रमाण १:७२ असे होते. म्हणजे ६ फूट उंचीचा माणूस बरोबर १ इंचाचा. आजही बहुसंख्य संग्राहक हेच प्रमाण पसंत करतात.

एका प्रमाणात घडविलेली दोन विमाने शेजारी ठेवली की अनेक पानांच्या वर्णनाने न उमगणारी गोष्ट डोळ्यांना दिसते. १:७२ या प्रमाणात सेबर विमानाच्या पंखांचा विस्तार जवळजवळ १६ सेंटिमीटर भरतो. आपल्या नॅटचा जेमतेम ९ सेंटिमीटरांहून किंचित अधिक. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों अशाच एका चिमुकल्या नॅटमधून आकाशात झेपावले आणि सहा सेबर विमानांशी झुंजले. या झुंजीत त्यांना वीरमरण आले. परमवीर चक्राने गौरविले गेलेले ते वायुदलाचे आजवरचे एकमेव वीर. एका बाजूला सहा सेबर आणि समोर तळहातावर मावणारे एक नॅट, असे दृश्य मेजावर मांडून दाखविले, तर दहा वर्षांच्या मुलालाही त्या पराक्रमाचे मोल कळेल.

परंतु हे दृश्य मांडावयाचे, तर तसे नॅट मिळावयास हवे. येथेच या व्यवसायाचे गणित आडवे येते. वितळलेले जस्ताचे मिश्रधातू मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरून ही विमाने घडविली जातात. साचा अतिशय खर्चिक असतो. म्हणून एकाच साच्यातून निघालेल्या विमानाला निरनिराळ्या देशांचे रंग देऊन तो खर्च भरून काढला जातो. साहजिकच जे विमान अनेक देशांनी वापरले, किंवा ज्याला ब्रिटन-अमेरिकेत ग्राहक आहे, त्याचाच साचा आधी तयार होतो. नॅट म्हटले की ब्रिटिश ग्राहकाला ‘रेड ॲरोज’ या कसरतपथकाचे लाल विमान आठवते. ते दोन आसनांचे, अधिक लांब आणि मोठ्या पंखांचे प्रशिक्षण विमान. सेखोंचे नॅट एका आसनाचे लढाऊ विमान होते. लाल नॅटला भारतीय रंग फासल्याने ते सेखोंचे विमान होत नाही.

मारुतची कथा तर याहून बोलकी आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांचे फोके-वुल्फ १९० हे विमान जगभरच्या संग्राहकांकडे सापडते. याच टँक यांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात भारतीय अभियंत्यांसमवेत एच.एफ. २४ मारुत साकारले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले आणि १९७० मध्ये मारुतच्याच चाचणी-उड्डाणात प्राण वेचले. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मारुतने कामगिरी बजावली. परंतु हे विमान वापरले ते केवळ भारताने. त्यामुळे टँक यांचे जर्मन विमान कपाटात विराजमान होते आणि त्यांचेच भारतीय विमान मात्र तेथे क्वचितच पाहावयास मिळते. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. बाजार मागणीकडे पाहतो, आणि आपण मागणीच केलेली नाही.

मागणी करताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. युद्धपूर्व काळातील अनेक डिंकी विमाने आज कपाटातल्या कपाटात भेगाळून त्यांचा भुगा होत आहे. जस्तात शिशासारख्या धातूची अल्पशी भेसळ राहिली आणि ती काही दशकांनी आतून पोखरू लागली. इतिहासात मिसळलेली भेसळही अशीच उशिरा फुटते. मारुतचे कौतुक करावे. पण त्याच्या आराखड्याला साजेसे शक्तिशाली इंजिन आपण अखेरपर्यंत मिळवू शकलो नाही, हेही मुलांना सांगावे. १९६३ मध्ये दाखल होऊन २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालेल्या मिग २१ चा गौरव करावा. पण त्याच्या अपघातांत गमावलेल्या तरुण वैमानिकांचे स्मरणही ठेवावे. निर्भेळ सत्य सांगितल्याने अभिमान उणावत नाही. तो टिकाऊ होतो.

यासाठी करण्याजोगे पुष्कळ आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि वायुदलाने जुन्या विमानांचे प्रमाणित आराखडे, रंगसंगती व क्रमांक भारतीय उत्पादकांना माफक शुल्कात उपलब्ध करून द्यावेत. संग्राहकांनी एकत्र येऊन आगाऊ नोंदणी केली, तर साच्याचा खर्च पेलण्याचे धाडस एखादा उद्योजक करू शकेल. डकोटासारख्या विमानाला तर नव्या साच्याचीही गरज नाही. नॉर्मंडीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतील डकोटा सर्वत्र मिळते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेली डकोटाही मिळावयास हवी. आणि महाराष्ट्राचा वाटा तर विसरताच येणार नाही. नाशिकजवळच्या ओझरच्या ज्या कारखान्याने मिग २१ बांधली, तेथूनच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क १ए आकाशात झेपावले. ही दोन विमाने एका फळीवर शेजारी-शेजारी ठेवली, तर परवान्यावर विमान बांधण्यापासून स्वतःचे विमान घडविण्यापर्यंतचा प्रवास शब्दांवाचून उलगडेल.

स्पिटफायर किंवा मस्टँग यांना कपाटातून खाली उतरविण्याचे मुळीच कारण नाही. तीही उत्तम विमाने आहेत, आणि स्पिटफायर तर आपल्या वैमानिकांनीही चालविले आहे. परंतु घरातील मूल ज्या विमानाकडे बोट दाखवून ‘हे कोणाचे?’ असे विचारील, त्यांत काही विमाने अशी असावीत की ‘आपले’ असे उत्तर देता येईल, आणि त्यापुढची हकिकत सांगण्याइतका अभ्यास आपण केलेला असावा.